हत्यार ठेवायचे कुठे?

येरळेच्या काठावरच्या आमच्या जुन्या घरात, सोप्याच्या आतल्या भिंतीला दोन लाकडी खुंट्या होत्या. एकीवर दादांचा फेटा असे. दुसरी मी पाहिली तेव्हापासून रिकामीच. पूर्वी तिच्यावर ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेताच्या राखणीसाठी दादांना तिचा परवाना मिळाला होता. ते गेल्यावर वडिलांनी बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली आणि खुंटी तेवढी उरली.

त्या बंदुकीची एक गोष्ट दादी नेहमी सांगत. बंदूक सोप्यात, चार माणसांच्या नजरेसमोर असायची. पण दारूचे शिंग आणि छर्र्यांची पिशवी माजघरातल्या कुलुपाच्या पेटीत. पेटीची किल्ली दादीच्या कमरेला. दादांना बार काढायचा असला तरी आधी दादीकडे किल्ली मागावी लागे. एकदा आम्ही मुलांनी विचारले, बंदूक इथे आणि दारू तिथे असे का? दादी म्हणाल्या, ‘दोनों एक जागा रखे तो शैतान कू बुलाने की गरज नई रे बेटा, वो अपने आप आके बैठता.’

हे सारे आज आठवायला कारण घडले. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. खटाव तालुक्यातले हे गाव आमच्या ओळखीचे, पाहुण्यारावळ्यांचे. पुढे किती तरी दिवस घराघरांतून दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहिले. त्याच दिवसांत माझा भाचा घरी आला. शिकलेला, नोकरी करणारा, दोन लहान मुलांचा बाप. चहा झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, ‘मामू, घरात एखादं हत्यार ठेवावं का? आणि ठेवलंच तर कुठं ठेवायचं?’

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. त्याच्या प्रश्नात भीती होती, आणि माणूस भ्यालेला असताना त्याला उपदेश करू नये. पण ‘कुठे ठेवायचे’ हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी या प्रश्नाला गेल्या तीनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती एकापुढे एक ठेवून पाहावीत, म्हणून हा लेख.

सुरुवात शब्दांपासून करू. शब्द बोलके असतात. बंदूक हा शब्द अरबीतून आला, तोफ तुर्कीतून, परवाना फारसीतून. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगिजांच्या बोलीतून गोव्याच्या वाटेने घाट चढून वर आले. हत्यारांची धार काढणारा, त्यांना पाणी देणारा तो शिकलगार. हा शब्द ‘सैकलगर’ या फारसी शब्दाचे मराठी रूप. हत्यारांच्या बाबतीत मराठी भाषा कुणा एकाची नाही. ज्याच्याकडून हत्यार आले, त्याचाच शब्द ते बरोबर घेऊन आले.

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांची जी यादी सांगितली जाते, तिच्यात एक बारीक गोष्ट आहे. हत्यारांचा जिरातखाना वेगळा आणि दारूगोळ्याचा दारूखाना वेगळा. दोन्ही एका छताखाली नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकोटांची व्यवस्था सांगताना दारूखान्याबद्दल बजावले आहे. तो राहत्या घराजवळ नसावा, दारूला ओल लागू नये, ती मधूनमधून बाहेर काढून वाळवावी आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी. ज्या राज्याचा जीव गडांवर आणि हत्यारांवर अवलंबून होता, त्याच्या जाणत्या अमात्याला शत्रूच्या हल्ल्याइतकीच स्वतःच्या दारूखान्याची धास्ती होती. आमच्या दादीने आज्ञापत्र वाचले नव्हते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण दोघांचे शहाणपण एकच.

मुसलमान वाचकाला यात आणखी एक ओळखीचा सूर ऐकू येईल. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, कारण सैतान ते हातून कधी निसटवील याचा नेम नाही, अशा अर्थाच्या हदीस आहेत. हत्यार बाळगण्याच्या रीतीबद्दलची ही ताकीद चौदाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि ती शत्रूविषयी नसून भावाविषयी आहे. दादीच्या तोंडी शैतान उगाच आला नव्हता.

त्या काळी हत्यार घरातच असे, आणि घरात उघड्यावर असे. पाटील-देशमुखांच्या गढ्यांवर तर असेच, पण शिलेदारी-बारगिरी करणाऱ्या साध्या कुणब्याच्या, रामोश्याच्या, पठाणाच्या घरीही भाला-तलवार असे. हत्यार हे पोटाचे साधन होते. पावसाळ्यात शेती आणि दसऱ्यानंतर मोहीम, अशी वर्षाची घडी असायची. तेव्हा ‘कुठे ठेवायचे’ हा प्रश्नच नव्हता. नांगर जसा गोठ्याच्या कोपऱ्यात, तशी तलवार खुंटीवर. तिला गंज चढू नये म्हणून शिकलगार घरी यायचा.

ही घडी १८१८ मध्ये विस्कटली. पेशवाई संपली, फौजा मोडल्या, हजारो हातांचे काम गेले. साताऱ्याची गादी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांसाठी ठेवली, पण १८३९ मध्ये त्यांनाही पदच्युत करून बनारसला धाडले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी महाराज वारले आणि डलहौसीने औरस वारस नाही म्हणून सातारचे राज्य खालसा केले. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेत गेले होते. तेरा-चौदा वर्षे त्यांनी तिथे कागदांची लढाई लढली आणि १८५३ मध्ये ते हात हलवीत परतले. मग आला १८५७. साताऱ्यातला उठावाचा बेत फुटला. रंगो बापूजी निसटले ते कायमचे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडा माळावर सतरा जणांना देहदंड दिला गेला. कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी.

त्यानंतर इंग्रजांनी घरोघरची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली. १८५७ मध्येच हत्यारे बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. सांगली, मिरज, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थाने ज्या दक्षिण मराठा मुलखात मोडत, त्या मुलखात हा हुकूम जड गेला. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे द्यायला नकार दिला. फौज आली, गावाला आग लागली, अनेक जण फासावर गेले. नरगुंदच्या भावे संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क नाकारला होताच. त्यात तोफा आणि हत्यारे जमा करण्याचा हुकूम आला. मे १८५८ मध्ये त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला ठार केले, आणि जूनमध्ये बेळगावला त्यांनाही फाशी झाली. हत्यार हा तिथे लोखंडाचा तुकडा नव्हता. ते काढून घेणे म्हणजे माणसाची इज्जत उतरवून घेणे, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. त्यांचे फार चुकले असेही म्हणता येत नाही.

कारण पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात जो हत्यारांचा कायदा आला, त्याने हा अर्थ कागदावरच आणला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना हवा. युरोपियनाला त्यातून सूट. भीती सगळ्यांना सारखी, जंगल सगळ्यांना सारखे, पण भरवसा मात्र कातडीचा रंग पाहून. १८८७ मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. त्या अधिवेशनात या कायद्यात दुरुस्ती करावी असा ठराव झाला. वंशभेदाची ती सूट जायला मात्र पहिले महायुद्ध संपावे लागले. ‘हत्यार कुठे ठेवायचे’ या प्रश्नाला सरकारचे उत्तर त्या काळात सरळ होते: साहेबाच्या बंगल्यात आणि सरकारी ठाण्यात. तुमच्या घरात नाही.

या सगळ्यात शिकलगाराचे काय झाले? ही कथा मिरजेची आहे आणि ती सांगताना माझी छाती थोडी फुगते, हे कबूल करतो. फौजा मोडल्यावर धार काढायला तलवारी उरल्या नाहीत. मिरजेच्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्ये दुरुस्त करायला घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, दरबारात गवई येत, त्यांचे तंबोरे बिघडत. ज्या हातांना पोलादाचा कस कळत होता, त्यांनी लाकूड, तार आणि भोपळा यांचा कस ओळखायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे कडू भोपळे मिरजेत येऊ लागले आणि त्यांचे तंबोरे, सतारी होऊन देशभर जाऊ लागल्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांना ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले, आणि उरुसात आजही तिथे गाणे होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका हत्यारबंद जमातीने हत्यार कुठे ठेवले, तर असे. तिने ते हातातून खाली ठेवले, पण हातातली कारागिरी खाली ठेवली नाही. आडनाव मात्र शिकलगारच राहिले.

पण इतिहास एकाच वाटेने चालत नाही. १९४२ च्या चळवळीत हाच मुलूख पुन्हा हत्याराकडे वळला. तेव्हा सांगली हा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले आणि त्यांतल्या दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. म्हणून प्रतिसरकार हे सातारचे म्हटले जात असले, तरी त्याचे कुंडल, तासगाव, वाळवा, शिराळा हे बालेकिल्ले आज सांगलीत आहेत. सुरुवात निःशस्त्र होती. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, झेंडा लागला, रक्त सांडले नाही. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे हातातल्या झेंड्यासह पडले, आणखीही अनेक जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भूमिगतांच्या मनातला विचार बदलला.

क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामभाऊ लाड यांच्या पिढीने मग हत्यारे मिळवली. काही गोव्यातून आली, म्हणजे काडतूस हा शब्द ज्या वाटेने आला होता, त्याच वाटेने. काही पोलिसांकडून हिसकावून घेतली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ती हकिगत अनेकांना सांगितली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे नाटक केले, एका साथीदाराने ‘नवरा’ होऊन त्यांना खरोखरच बदडले, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून निसटले. पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, वसंतदादांना गोळी लागली. फेब्रुवारी १९४५ मध्ये मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून प्रशिक्षण द्यायला आलेले नानकसिंग हे दोघे पडले.

ही हत्यारे ठेवली कुठे? आमच्या गावातली जुनी माणसे सांगायची: कडब्याच्या गंजीत, पेवात, गुऱ्हाळाच्या चिपाडाखाली, मोडक्या विहिरीच्या कोनाड्यात. राहत्या घरात शक्यतो नाही. झडतीत बंदूक सापडली, तर तो माणूस तर जाईच, पण त्याचे सारे घर, भाऊबंद, गडीमाणसे पोलिसांच्या तावडीत सापडत. म्हणजे जे लोक हत्यार घेऊन लढत होते, त्यांनाही पक्के ठाऊक होते की घरातले हत्यार घराला वाचवत नाही, ते घराला उघडे पाडते. १९४६ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगत बाहेर आले. त्यांतले काही हैदराबादच्या लढ्यात उतरले आणि काहींनी साखर कारखाने, शाळा, पाणी परिषदा यांत आयुष्य घातले. त्यांच्या नावाने आज जे उभे आहे, ते बंदुकीचे नाही.

त्याच काळात याच मुलखात एक उलटा प्रयोग चालू होता. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत उभारली. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी, पण कुंपण नाही, बंदुकधारी पहारा नाही. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचे. ही वसाहत पुढेही टिकली, आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. ज्यांच्या हातून खून झाला त्यांच्यावर बिनहत्यारी विश्वास टाकून पाहण्याची हिंमत एका छोट्या संस्थानाने केली होती. तीही आपल्या इतिहासाचा भाग आहे.

आता भाच्याच्या भीतीकडे वळतो. या दोन जिल्ह्यांनी जमावाचे तांडव पहिल्यांदा २०२३ मध्ये पाहिले नाही. गांधीजींची हत्या झाल्यावर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तेव्हा लक्ष्य आम्ही नव्हतो, दुसरे होते. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली आणि सांगली, इचलकरंजीपर्यंत पसरली. जमाव बदलतो, निमित्त बदलते, जळणारे घर बदलते. एक गोष्ट मात्र बदलत नाही. शे-दोनशे माणसे चालून येतात तेव्हा घरातली एक बंदूक फार तर एकदा वाजते, आणि तिच्या आवाजाने उरलेले सारे गाव शत्रू होते. उलट १९४८ च्या आठवणी ज्यांनी सांगितल्या, त्यांत वाचलेल्या माणसांच्या तोंडी बहुधा कुणा शेजाऱ्याचे नाव येते. कुणी मागच्या दाराने बाहेर काढले, कुणी धान्याच्या खोलीत लपवले, कुणी दारात आडवे उभे राहून ‘आधी मला मारा’ म्हणाले.

मग कायदा काय सांगतो? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण तो हक्क गरजेपुरताच आहे, आणि पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तेव्हा तो मिळत नाही. हत्याराचा कायदा १९५९ चा. १८७८ चा गोऱ्या-काळ्याचा कायदा त्याने मोडीत काढला आणि १९६२ पासून तो अमलात आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा, हे त्याचे सूत्र. १९८३ मध्ये एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. त्याच दुरुस्तीने विनापरवाना बंदुकीची किमान शिक्षा एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली, आणि लग्नात-मिरवणुकीत हौसेने बार काढणेही दंडनीय ठरवले. २०१६ च्या नियमांत बंदूक सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी अर्जदाराकडून घेतली जाते. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या तलवारी-जंबियेही या नियमांच्या यादीत आहेत. ‘जुनी आहे, नुसती भिंतीवर लावलीय’ म्हणून सुटका होईलच असे नाही. निवडणूक आली की परवान्याची बंदूकही अनेकांना ठाण्यात जमा करावी लागते. चांदोली आणि कोयनेच्या जंगलालगतच्या गावांत गवे आणि रानडुकरे पीक उधळतात, तिथला शेतकरी बंदूक मागतो. पण अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत परवानाधारकाला आपल्या हत्याराची नोंद वन्यजीव कायद्याखाली वेगळी करावी लागते.

बाहेरच्या जगात या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे, आणि त्याचे निष्कर्ष आमच्या दादीच्या बाजूचे आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार सवयी तपासल्या: बंदूक कुलुपात ठेवणे, ती न भरता ठेवणे, काडतुसे कुलुपात ठेवणे आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळी ठेवणे. यांतली प्रत्येक सवय मुलांच्या आणि किशोरांच्या आत्महत्या व अपघात कमी असण्याशी जोडलेली आढळली. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या पाहणीत असे दिसले, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत गोळीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होते, आणि स्त्रियांत तर पस्तीसपट. स्वित्झर्लंडमध्ये सैन्यातल्या नागरिकाने आपली रायफल घरी ठेवायची जुनी पद्धत आहे. पण २००७ मध्ये तिथल्या संसदेने ठरवले, की रायफल घरी राहील, काडतुसे सरकारी कोठारात. जपानमध्ये बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलुपात ठेवावी लागतात, आणि पोलीस ते पाहून जातात. म्हणजे पुन्हा तेच: जिरातखाना वेगळा, दारूखाना वेगळा.

या आकड्यांमागची गोष्ट कुणालाही समजेल अशी आहे. घरावर चोर आयुष्यात एकदा येईल, कदाचित कधीच येणार नाही. पण राग रोज येतो. सासू-सुनेचा, भावाभावाचा, बांधावरचा. निराशाही येते. पीक बुडाल्यावर, परीक्षा हुकल्यावर, सोयरीक मोडल्यावर. मुलांची उत्सुकता तर चोवीस तास घरात असते. भरलेले हत्यार या सगळ्यांच्या हाताशी ठेवायचे आणि न येणाऱ्या चोराची वाट पाहायची, हा सौदा घाट्याचा आहे. उशाखाली ठेवले तर बायको आणि मूल उशीच्या शेजारीच झोपते. कपाटाच्या वर ठेवले तर मूल वर्षाला दोन-चार बोटे वाढते, एक दिवस त्याचा हात पोचतोच. आणि कुलुपात, न भरता, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवले, तर जमाव दारात आल्यावर ते काढून भरेपर्यंत वेळ राहत नाही. इथेच या प्रश्नाची खरी गाठ आहे. हत्यार जिथे ठेवल्याने घराचे रक्षण होईल असे वाटते, तिथे ते घरालाच धोक्याचे असते. आणि जिथे ते घराला निर्धोक असते, तिथून ते वेळेवर हाती लागत नाही.

काही दिवसांनी भाचा पुन्हा आला. मी त्याला म्हणालो, ‘बेटा, शेतीला डुकरांचा त्रास असेल आणि परवाना मिळत असेल, तर रीतसर घे. बंदूक कुलुपात, न भरता. काडतुसे दुसऱ्या कुलुपात. एक किल्ली तुझ्याकडे, दुसरी तुझ्या बायकोकडे, जशी दादीकडे होती. पण जमावाच्या भीतीनं घेणार असशील, तर घेऊ नकोस. आणि विनापरवाना, कुणीतरी स्वस्तात आणून देतो म्हणून तर मुळीच नको. ज्या दिवशी झडती होईल, त्या दिवशी तुझं खरं म्हणणंही कुणी ऐकणार नाही.’

तो थोडा चिडला. ‘मग आम्ही हात बांधून बसायचं?’ त्याचे चिडणे रास्त होते. पोलीस वेळेवर यावेत, अफवा पसरवणाऱ्याला पकडावे, खटले निकाली निघावेत, ही मागणी करणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे मी त्याला समजावत राहिलो. वस्तीतल्या दहा घरांनी आणि शेजारच्या आळीतल्या दहा घरांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवावेत. मोहल्ला समितीची बैठक दंगल झाल्यावर नव्हे, आधी व्हावी. गणपतीला आणि उरुसाला एकमेकांच्या मांडवात जाणारी माणसे कमी होऊ देऊ नयेत. एखाद्या पोराच्या मोबाईलवर विखारी मजकूर आला, तर तो पुढे न पाठवता आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवावा. हे सारे बंदुकीपेक्षा अवघड आहे, कारण हे रोज करावे लागते आणि एकट्याने करता येत नाही. याने प्रत्येक वेळी जीव वाचेल अशी हमी मला देता येत नाही. ती बंदुकीलाही देता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आणून काचेच्या पेटीत मांडली गेली. १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे ती आली होती, आणि त्याच्याबरोबर विलायतेला गेली. ती नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते चालू राहतील. ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या. मीही जाऊन आलो. गर्दीत माझ्यापुढे एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी होती. आई तिला म्हणत होती, ‘हात नको लावू, लागेल.’ काचेआडच्या, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हत्यारालाही ती आई भीत होती. मला दादीची आठवण झाली.

परतताना मिरजेला उतरलो. सतारीच्या दुकानात एक म्हातारे कारागीर भोपळा कानाशी धरून बोटाने वाजवून पाहत होते. नाव विचारले. आडनाव अर्थातच शिकलगार. मी सहज विचारले, ‘चाचा, तुमच्या घरात एखादी जुनी तलवार असेल ना?’ त्यांनी भोपळा मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवले. तिथे खुंटीवर एक जुना तंबोरा टांगलेला होता.

आमच्या सोप्यातली खुंटी अजून रिकामी आहे. भाच्याला मी विचारले आहे, तुझ्या मुलांना वाद्य शिकायची आवड आहे का म्हणून.